छावणी आणि रुग्णालय

छावणी पडते ती उठण्यासाठी. फौजेची असो, यात्रेकरूंची असो अथवा मोजणी खात्याची असो, काम आटोपले की खुंट्या उपटाव्यात आणि पुढच्या मुक्कामाची वाट धरावी, हाच छावणीचा धर्म होय. छत्तीसगडातील भिलाई या पोलादनगरीत मात्र एक छावणी अशी आहे की, ती साठाहून अधिक वर्षे झाली तरी उठलेली नाही. तिला 'कॅम्प-१' म्हणतात. शेजारी 'कॅम्प-२' आहे. कारखान्याच्या उभारणीसाठी जे मजूर आले त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याचे हे नाव. निवारे पक्के झाले, गल्ल्या पडल्या, दुकाने थाटली गेली, महानगरपालिका झाली, तरी नाव छावणीचेच राहिले. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण येथे नावाने एक सत्य जपून ठेवले आहे. ज्यांच्या हातांनी हे नगर उभे राहिले त्यांतील पुष्कळांचे त्या नगरातील वास्तव्य, निदान हिशेबाच्या वहीत, अद्यापही तात्पुरतेच आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लक्ष टन पोलाद, हे पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट होते. भाताच्या खाचरांत पोलाद पिकविण्याचा तो संकल्प खरोखरच भव्य होता, आणि त्याच्याबरोबर नव्या नागरजीवनाचा जो आराखडा आखला गेला तोही हिणविण्याजोगा नव्हता. सेक्टरांमध्ये विभागलेली वसाहत, रुंद रस्ते, झाडांची सावली, शाळा, खेळाची मैदाने आणि सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे मोठे रुग्णालय! कारखान्याच्या कायम नोकराला, त्याच्या पत्नीला आणि मुलांना तेथे औषधोपचार मिळतो तो उपकार म्हणून नव्हे, तर नोकरीचा भाग म्हणून. भारतातील श्रमिकाला आरोग्याचा हक्क म्हणजे काय याचा इतका रोकडा अनुभव देणारी स्थळे फार थोडी आहेत. भिलाईचे हे यश आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, कारण पुढची सारी कथा या यशाच्या कुंपणाबाहेरची आहे.

भिलाईच्या कामगारांमध्ये दीर्घकाळ राहून त्यांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी एका लहानशा भाषिक भेदाकडे लक्ष वेधले आहे. भिलाईत 'नौकरी' आणि 'काम' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. ज्याला नौकरी आहे तो कायम आहे, त्याला रजा आहे, निवृत्तीनंतरची तरतूद आहे. ज्याला काम आहे त्याला आज काम आहे, एवढेच. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. 'मुलगा नोकरीला आहे' आणि 'मुलगा कामाला जातो' या दोन वाक्यांतले अंतर मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना आपल्याकडेही बरोबर कळते. भिलाईत हे अंतर आजाराच्या वेळी सर्वांत अधिक भासते. एकाच भट्टीच्या धगीत, एकाच धुळीत उभे असलेले दोघे. एकाच्या खिशात रुग्णालयाचे कार्ड आहे. दुसरा ठेकेदाराचा माणूस. त्यालाही दार बंद आहे असे नव्हे. पण तेथे तो पैसे मोजणारा परका ठरतो, आणि मोजण्याइतके पैसे असते तर तो ठेकेदाराच्या दाराशी उभा राहिलाच नसता. मग वस्तीतला सुई टोचणारा, पदवी नसलेला 'डॉक्टर' गाठावा, उसने काढून एक सलाईन लावून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभे राहावे. कारण एका दिवसाच्या गैरहजेरीत ते कामच दुसऱ्याकडे जाते.

या स्थितीवर उपाय शोधण्याचा अस्सल प्रयत्न भिलाईत नव्हे, तर भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत प्रथम झाला. तेव्हा दुर्ग जिल्ह्यात आणि आता बालोद जिल्ह्यात असलेले हे गाव भिलाईच्या दक्षिणेला आहे. खाणींमध्ये हजारो स्त्रीपुरुष ठेकेदारांच्या हाताखाली घणाने आणि टोपलीने खनिज काढीत असत. १९७७ मध्ये आणीबाणी उठली त्या सुमारास बोनसच्या प्रश्नावर हे कंत्राटी कामगार जुन्या संघटनांतून बाहेर पडले आणि त्यांनी 'छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ' ही आपली संघटना स्थापन केली. तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या शंकर गुहा नियोगींना त्यांनी नेतृत्वासाठी बोलावले. मूळचे जलपैगुडीचे हे बंगाली गृहस्थ तरुणपणी भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होते. ती नोकरी गेली. पुढे खेड्यापाड्यांत भटकत, दानीटोलाच्या खाणीत मजुरी करीत त्यांनी छत्तीसगडी बोली आणि छत्तीसगडी माणूस दोन्ही आपलेसे केले होते. २ आणि ३ जून १९७७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. त्यांत एक स्त्री होती, एक बालकही होते.

अशा प्रसंगांनंतर संघटना एक तर मोडतात किंवा सूडाच्या भाषेत अडकून पडतात. दल्ली-राजहरात निराळेच घडले. नियोगींच्या राजकारणाचे सूत्र 'संघर्ष' आणि 'निर्माण' या जोडशब्दांत सांगितले जाते. मागणी करायची ती करायचीच. पण जे मागायचे त्याचा नमुना आपल्या हातांनी उभारूनही दाखवायचा, हा त्याचा भावार्थ. मजुरी वाढली तेव्हा पहिला प्रश्न आला तो दारूचा. वाढलेला पैसा गुत्त्यात जाणार असेल तर लढ्याने मिळविले ते काय? हा प्रश्न मुख्यतः बायकांनी विचारला, आणि युनियनने दारूबंदीची चळवळ हाती घेतली. बाहेरून आलेल्या सुधारकाच्या उपदेशाने दारू सुटत नाही. स्वतःच्या संघटनेची लाज वाटून सुटते, असे तेथे दिसून आले.

आरोग्याचा प्रश्न मृत्यूच्या वाटेने आला. कुसुमबाई या संघटनेच्या उपाध्यक्षा बाळंतपणात, वेळेवर नीट उपचार न मिळाल्याने दगावल्या. ज्या स्त्रीच्या शब्दाने हजारो माणसे उभी राहत ती एका खाटेवाचून आणि एका जाणत्या हातावाचून जावी, ही गोष्ट खाणकामगारांच्या मनाला फार लागली. आपले स्वतःचे प्रसूतिगृह, आपले रुग्णालय असावे, हा निश्चय त्यातून झाला. १९८१ मध्ये वस्त्यांच्या सफाईपासून आरंभ झाला. त्याच सुमारास काही तरुण डॉक्टर तेथे आले. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. विनायक सेन त्यांतले एक. आशिष कुंडू, पवित्र गुहा, शैबाल जाना हे बंगालमधून आले. २६ जानेवारी १९८२ रोजी युनियनच्या जागेत छोटासा दवाखाना सुरू झाला आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या सहाव्या स्मृतिदिनी, पंधरा खाटांचे 'शहीद अस्पताल' उघडले. अकरा हुतात्म्यांचे ते स्मारक होते. स्मारक म्हणून पुतळा न उभारता प्रसूतीची खोली उभारावी, ही कल्पना कोणा विद्वानाची नसून खाणकामगारांची होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इमारत वर्गणीतून आणि श्रमदानातून झाली. दिवसभर खनिज फोडून आलेली माणसे संध्याकाळी आपल्याच रुग्णालयाच्या विटा वाहत. बाहेरून, विशेषतः परदेशातून, पैसा घ्यायचा नाही असे त्यांनी ठरविले होते. परक्या पैशाबरोबर परकी इच्छाही येते, हे ठेकेदाराच्या हाताखाली राबलेल्या माणसाला पुस्तक न वाचता कळते. खाणकामगारांतूनच आरोग्यसेवक तयार झाले. काहींनी आपली पाळी संपवून रुग्णालयात विनावेतन काम केले. तरुण मुलींनी परिचारिकेचे काम हातांनी करता करता शिकून घेतले. शस्त्रक्रियेला रक्त हवे असले की कामगारच रक्त देत. रक्त दिल्याने अंगातली ताकद जाते, ही समजूत शेकडो भाषणांनी गेली नसती. शेजारचा माणूस रक्त देऊन दुसऱ्या दिवशी घण उचलताना पाहिला आणि ती गेली.

आणखी एक काम या रुग्णालयाने केले, ते मोठ्या इस्पितळांनाही सहसा जमत नाही. त्याने रोग्याला औषध नाकारायला शिकविले. अशक्तपणाला टॉनिकची बाटली, तापाला सुई आणि जुलाबाला महागडी गोळी हा त्या भागाचा वैद्यकधर्मच झाला होता. शहीद अस्पतालच्या डॉक्टरांनी साध्या छत्तीसगडी-हिंदी पुस्तिकांतून आणि मोहल्ल्यांच्या बैठकांतून सांगितले की, जुलाब झालेल्या लेकराला वाचवायला मीठ-साखरेचे पाणी लागते, आणि ते प्रत्येक घरात आहे. टॉनिकपेक्षा मूठभर डाळ आणि भाजी बरी. आरंभी लोक नाराज झाले. सुई न देणारा डॉक्टर त्यांना अर्धवट वाटे. गरिबाची फसवणूक त्याला काही न देऊन होते तशी नको ते देऊनही होते, ही गोष्ट अंगवळणी पडायला बराच काळ गेला. आरोग्याच्या हक्काची चर्चा करताना ही दुसरी बाजू पुष्कळदा विसरली जाते. हक्क हा केवळ उपचार मिळण्याचा नव्हे. आपल्या शरीरावर काय केले जात आहे आणि कशासाठी, हे विचारण्याचाही आहे.

पंधरा खाटांचे ते रुग्णालय पुढे शंभराहून अधिक खाटांपर्यंत वाढले, आणि खाणकामगारांइतकाच भोवतालच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचा व आदिवासींचा त्याला आधार झाला.

१९९० मध्ये नियोगी भिलाईला आले. पोलाद कारखान्याच्या अवतीभोवती खासगी कारखान्यांचा मोठा पसारा वाढला होता, आणि त्यांत पिढ्यान्पिढ्या ठेक्यावर राबणारे कामगार कॅम्प-१ सारख्या वस्त्यांतून राहत होते. त्यांच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांत क्रांतिकारक असे काही आढळत नाही. जगण्यापुरते वेतन, कायम काम, कामाच्या जागी सुरक्षितता, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचाराचा हक्क दिला होता. परंतु त्या हक्काची पहिली पायरी म्हणजे तुम्ही कामगार आहात, याचा कागद! ठेकेदाराच्या वहीत ज्याचे नाव नाही, तो कायद्याच्या दृष्टीने आजारीच पडत नाही. म्हणून भिलाईत हजेरीकार्डाची मागणी ही, खोलात पाहिले तर, आरोग्याचीच मागणी होती.

सप्टेंबर १९९१ मध्ये नियोगी कामगारांचे गाऱ्हाणे घेऊन दिल्लीला गेले व राष्ट्रपतींना भेटले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पहाटे, भिलाईतील हुडको वसाहतीच्या घरात ते झोपेत असताना खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. खटला चौदा वर्षे चालला. १९९७ मध्ये दुर्गच्या न्यायालयाने उद्योगपतींसह सहा जणांना दोषी ठरविले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकाच आरोपीला जन्मठेप सुनावली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली. दरम्यान, १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकावर कामगार बायकामुलांसह रेल्वेच्या रुळांवर बसले असता गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक कामगार ठार झाले. त्या दिवशीच्या हाणामारीत एक पोलीस उपनिरीक्षकही प्राणास मुकला. कॅम्प-१ पासून हे स्थानक दूर नाही. वस्तीतील अनेक घरांत त्या दिवसाची आठवण ही इतिहासातली नसून घरातली आहे.

त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ८ जुलै १९९२ रोजी, बंगालमधील मथुरापूर स्थानकावर हकीम शेख नावाचा शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला होता. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे त्याला हिंडविण्यात आले. कोठे खाट नव्हती, कोठे यंत्र नव्हते. अखेरीस खासगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून त्याचे प्राण वाचले. तो ज्या शेतमजूर संघटनेचा सभासद होता तिने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि मे १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली. या निर्णयाचा दाखला आज विधिमहाविद्यालयांत दिला जातो. पण भिलाईच्या आणि बंगालच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक साम्य चटकन नजरेत भरते. दोन्हीकडे एकटा रोगी हरला असता. मागे संघटना होती म्हणून प्रश्न रुग्णालयाच्या दारातून पुढे सरकला.

नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. दोन वर्षांनी तेथे 'मितानिन' योजना सुरू झाली. छत्तीसगडात 'मितान' ही केवळ मैत्री नव्हे. दोन मुली किंवा दोन मुलगे विधिपूर्वक मितान होतात, गंगाजल, महाप्रसाद किंवा भोजलीचे कोवळे अंकुर एकमेकांना देतात, आणि मग दोन्ही घरांचे नाते रक्ताच्या नात्यासारखे जन्मभर पाळले जाते. जातीची आडकाठीही त्यात येत नाही. पाड्यापाड्यावर लोकांनी निवडलेल्या आरोग्यसखीला हे नाव द्यावे, यात मोठे औचित्य होते. मितानिनींची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. २००५ मध्ये देशभर 'आशा' कार्यकर्तींची योजना आली तेव्हा तिच्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. पुढे ही योजना शहरांतील गरीब वस्त्यांतही पोहोचली. मितानिन गोळ्या वाटते, बाळंतिणीला रुग्णालयात नेते हे तर खरेच. पण रेशन का आले नाही, अंगणवाडी का बंद आहे, नळाला गढूळ पाणी का, हेही ती विचारते. सरकारी योजनेने सरकारलाच प्रश्न विचारणारी स्त्री तयार करावी, हा योग विरळा, आणि कार्यालयांना तो नेहमीच रुचतो असे नाही.

या योजनेच्या आरंभीच्या विचारविनिमयात डॉ. विनायक सेन होते. त्याच राज्याने मे २००७ मध्ये त्यांना नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक केली. डिसेंबर २०१० मध्ये राजद्रोहाखाली जन्मठेप झाली आणि एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. कैदेत असतानाच २००८ मध्ये त्यांना आरोग्य आणि मानवी हक्क यांसाठीचा जोनाथन मान पुरस्कार जाहीर झाला होता.

हक्काच्या नावाखाली काय काय होऊ शकते हेही छत्तीसगडने पाहिले. गरिबांसाठी आरोग्यविम्याचे कार्ड आले, त्याचे स्वागतच झाले. २०१२ मध्ये उघडकीस आले की, विम्याच्या रकमेसाठी खासगी रुग्णालयांतून कारण नसताना कित्येक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्यात आली होती. कार्ड होते, उपचारही मिळाला. नव्हता तो प्रश्न विचारण्याचा अधिकार. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात त्र्याऐंशी स्त्रियांवर अवघ्या काही तासांत कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या आणि त्यांपैकी तेरा दगावल्या. तेही शिबिर, म्हणजे कॅम्पच! माणसांची गर्दी जमवून आटोपून टाकण्याची ही सवय शब्दाला इतकी कशी चिकटली, कोण जाणे.

महाराष्ट्राच्या सीमेवर, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून जे रुग्णालय बांधले ते गोंड वस्तीसारखे आहे आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव आहे. तेथेही दारूचा प्रश्न आरोग्याच्या आधी उभा राहिला, आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. जन आरोग्य अभियानाच्या कार्यकर्त्यांनी २००४ मध्ये जनसुनावण्या भरवून सरकारी दवाखान्यांचा हिशेब चव्हाट्यावर मांडला, आणि २००७ पासून राज्यात आरोग्यसेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. दल्ली-राजहराच्या काही डॉक्टरांनी बंगालमध्ये परतून १९९५ मध्ये हावडा जिल्ह्यातील चेंगाइल येथे मजूर-शेतकऱ्यांचे आरोग्यकेंद्र काढले. बियाणे असे वाऱ्यावर गेले. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला; असा कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले.

कॅम्प-१ मध्ये मात्र कायद्याआधी पाणी येते. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि तिचा जबर तडाखा बसला तो कामगारवस्त्यांना. डास सेक्टरात आणि कॅम्पात भेद करीत नाही, हे म्हणायला ठीक. पण जेथे नळ दिवसातून थोडाच वेळ येतो तेथे घराघरांत पिंपे भरून ठेवावी लागतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो. मग पत्रक निघते की, नागरिकांनी पाणी साठवू नये. ते पत्रक वाचून दाखविण्याचे काम मितानिनीकडे येते. गल्लीतल्या बायका तिचे ऐकून घेतात, पिंपावर फडके बांधतात, आणि विचारतात की, बाई, तू म्हणतेस ते सारे खरे, पण नळ दोन्ही वेळा केव्हा येणार? मितानिन तो प्रश्न आपल्या वहीत लिहून घेते आणि पुढच्या बैठकीला नेते. वहीत त्याच्या वरच्या ओळीत आणखी एक नोंद असते: कोणाचा नवरा ठेक्यावर काम करताना भाजला, विम्याचे कार्ड नाही, ठेकेदार म्हणतो हा आमचा माणूसच नव्हे.